गंगारामच्या नावाचं पाकीट

खालची वाडी, रत्नागिरी
आषाढ शुद्ध तृतीया, शके १८५६

चिमास,

तुझ्याकडे एक लांबट पाकीट आलं असेल. वर इंग्रजीत नाव, खाली आपल्या वाडीचा पत्ता, तो खोडून बाबल्या पोस्टमननं तुमचा मुंबईचा पत्ता घातलेला. ते पाकीट माझं आहे. उघडू नको. भावोजींना दाखवू नको. दुसऱ्या पाकिटात घालून माघारी धाड.

महिनाभर मी त्या बाबल्याच्या वाटेवर उभी. रोज विचारायचं, आलं का रे? रोज म्हणायचा, "तुमच्या घरचं नाय काय, वैनी." आज मी त्याला शिव्या घातल्या तेव्हा डोकं खाजवत म्हणाला, "गंगारामदादांच्या नावाचं एक आलेलं. ते मी त्याच दिवशी पुढं धाडलंय. आठ वर्सं धाडतोय, एक तरी चुकलंय काय?" वर मान ताठ. म्हटलं, तुला हा शहाणपणा कुणी शिकवलान? तर म्हणे, "दादांनीच. बोटीवर चढताना सांगून गेले."

राहीच्या सासरच्या जमिनीचा कागद आहे. भावोजींचं नाव कसं पडलं ते विचारू नको, कारकुनाची चूक. आमच्या ह्यांच्याकडून लिहून घेतलं नाही कारण ह्यांना सवड नाही. माझी तिसरी इयत्ता एवढ्याला पुरते.

बोटी बंद आहेत. पोस्ट घाटानं येतं. तेव्हा आजच टाक.

येसू


आषाढ शुद्ध द्वादशी

चिमास,

नऊ दिवस झाले. बाबल्या सांगतो आंब्याच्या घाटात दरड आली, मोटार दोन दिवस अडकली. ते दोन सोडले तरी तुझं उत्तर यायला हवं होतं. तू टाकलंच नाहीस. मला ठाऊक आहे तू कशी आहेस. तोंडातून शब्द काढायची नाहीस, आणि करायचंही नाहीस.

बरं. जमिनीचा कागद नाही तो. माझ्या छातीचा फोटो काढलाय, त्याचा निकाल आहे. मुंबईच्या दवाखान्याचा. आता उमगलं, का घाई आहे?

शिमग्याच्या सुमारास खोकताना पदराला लाल दिसलं. एकदाच. पानाची सवय मला नाही हे तू जाणतेस, म्हणजे पान नव्हे. बंदरावरच्या डॉक्टरांनी पाठीवर बोटं वाजवून बघितलंन आणि म्हणाले, मुंबईस जाऊन आतला फोटो काढून घ्या, मग बोलू. ह्यांना सांगितलं डोळे दाखवायला जाते. ह्यांना काय, डोळे म्हटलं तर डोळे.

दवाखान्यात म्हणाले पंधरा दिवसांत पोस्टानं कळवू. त्याला आता दोन महिने होतील. ह्या दोन महिन्यांत मी काय करते सांगू? एका करवंटीत चिंचोके घेतलेत. खोकला आला की एक चिंचोका दुसऱ्या करवंटीत. संध्याकाळी मोजायचे. परवा एकवीस झाले. काल नऊ. मग वाटलं, काल मी मोजायला विसरले असेन, म्हणून आज सकाळपासून बसल्या जागेवरून हलले नाही. गंगुबाई शेजारीण आली, तिनं काहीतरी वाह्यात सांगितलंन, मी हसले, हसता हसता ठसका लागला. तो धरायचा की नाही? धरला. मग काढला. मग पुन्हा टाकला.

थुंकी केळीच्या पानावर टाकून उन्हात धरते. आषाढात ऊन कुठलं! जरा ढग फाटलं की पळत अंगणात. ह्यांनी विचारलंन, काय बघतेस? म्हटलं, पानावर कीड पडल्ये. बांगड्या मनगटावरून कोपराकडे किती सरकतात ते बघते. रोज तेवढ्याच सरकतात, पण मला रोज जास्त वाटतात.

हे मी तुला लिहिते कारण दुसरं कुणी नाही. लेक राही पहिलटकरीण आहे. श्रावणात येईल, भादव्यात मोकळी होईल. फोटो वाईट असला तर मी त्या पोराला हात लावायचा नाही, राहीच्या ताटाजवळ जायचं नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण कळायला तर हवं! नुसती अर्धी मेलेली काय फिरू घरात?

पाकीट धाड.

येसू


आषाढ अमावास्या

चिमास,

दवाखाना मुंबईचा, हे मागच्या पत्रात लिहून गेले आणि मग ध्यानात आलं. तू म्हणत असशील, मुंबईस आली आणि माझ्या दारावरून गेली. हो. वैशाखात नऊ दिवस होते. आपल्या वाडीतल्या हरिश्चंद्राच्या खोलीवर उतरले, त्याची बायको सखू बरोबर होती. शेवटच्या बोटीनं परत.

दारावरून गेले नाही, दारापर्यंत आले. तुझ्या गल्लीच्या तोंडाला भुसाऱ्याचं दुकान आहे, तिथं सखूला म्हटलं तांदूळ बघूया. तू नळावरून येत होतीस. कळशी डाव्या कमरेवर, अजून तशीच. मागून एक उंच पोर, गुडघे फुटलेले. मी ओळखला नाही. तू "लवू!" म्हणून ओरडलीस तेव्हा कळलं, तुझाच पोरगा. भुसाऱ्यानं विचारलंन, "कुठला देऊ, बाई?" मी म्हटलं, एकही धड नाही, आणि निघाले.

आता नावाचं ऐक. कारकुनाची चूक नव्हती, माझी होती. दवाखान्यात खिडकीशी बायकांची रांग. सखू पाणी प्यायला गेलेली, हरिश्चंद्र गिरणीत. कारकून म्हणाला, "नवऱ्याचं नाव?" मी पदर सारखा केला. पुन्हा विचारलंन. म्हटलं, ते मी कसं घेऊ? तर म्हणतो, "मग काय मी घेऊ? मला ठाऊक असतं तर विचारलं असतं?" मागची एक घाटी बाई म्हणाली, "घ्या की हो, हळदीकुंकवाला घेता तसं!" सगळ्या हसल्या. उखाण्यात घेतलंही असतं. पण तिथं, त्या औषधाच्या वासात, छाती दाखवायला आलेली असताना? नाव घेतलं की आयुष्य उणं होतं म्हणतात. माझं जायचं तर जाईल, ह्यांचं त्यात कशाला ओढू? कारकुनानं टाक आपटलान. मला राग आला. म्हटलं, गंगाराम लिहा. धाकट्या दिराचं नाव घ्यायला कुणाची आडकाठी नाही. लिहिलंन. पुढे सगळं भावोजींच्या नावानं छापून आलं, आणि बाबल्यानं आपली हुशारी केलीन.

म्हणजे दवाखान्याच्या वहीत गंगारामाची बायको म्हणून मी आहे. तुझ्या जागी. हसायचं तर हस.

इकडे काल देवळात कौल लावला. रावजी गुरवाला म्हटलं, कारण विचारू नको, फक्त विचार की आहे का नाही. त्यानं देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावल्यान. उजवी पडली. म्हणजे बरं. पण रावजी ह्यांचा दोस्त, त्याचा हात हलला असेल. म्हटलं, पुन्हा लाव. डावी पडली. म्हटलं, पुन्हा. तिसऱ्या खेपेला एकही पडेना. आम्ही दोघं खांबासारखी उभी. शेवटी रावजी म्हणाला, "येसूवैनी, देवाला साक्षीला बोलावलात की उलटतपासणीला? त्यालाही कंटाळा येतो."

तूही कंटाळली असशील. तरी धाड.

येसू


श्रावण शुद्ध षष्ठी

चिमा,

राही आली. मी घरामागच्या मांगरात आहे, सोडणं-लाकडं ठेवायच्या खोपीत.

घरात सांगितलं, चुलीचा धूर सोसत नाही. नारळाच्या सोडणांच्या राशीला टेकून वाकळ अंगावर घेते. ताट मी माझं वेगळं केलंय. राही दारात येऊन उभी राहिली, पोटावर हात. म्हणाली, "आई, मी दिवस मोजत आले आणि तू मांगरात? माझ्या सासरचे काही बोलले काय तुला?" म्हटलं, तिथूनच बोल, उंबरा ओलांडू नको, विंचू निघालाय. ती रडायला लागली. मी दार लोटून घेतलं.

दार लोटलं आणि मला तुझा आवाज आला. खोटं नाही लिहीत. त्या वर्षी तू ह्याच मांगरात आत होतीस आणि मी बाहेर.

तू गप्प बसलीस म्हणून मीच लिहिते. भावोजी मुंबईस होते. तुला श्रावणात खोकला लागला. चाळीस दिवस. वैद्य म्हणाला, क्षय असेल किंवा नसेल. मी त्यातलं "असेल" तेवढं उचललं. तुला ह्या मांगरात घातली. जस्ताची थाळी दिली. लवू पाच महिन्यांचा, तो तुझ्या अंगावरून ओढून घेतला. गाईच्या दुधात वात बुडवून त्याला पाजलं. तू आतून म्हणायचीस, "वैनी, दूध दाटलंय, एकदा द्या, फक्त एकदा." मी म्हणायचे, पिळून राखेत टाक. असं म्हटलं मी. मला आठवतं.

दिवाळीला तू ठणठणीत झालीस. औषध नाही, काही नाही. बाहेर आलीस, हात पुढे केलेस, तर पोर माझ्या मानेला चिकटलं. मी तेव्हा काय बोलले तेही आठवतं. म्हटलं, "बघ, त्याला आई कोण ते कळतं." हे मी गमतीनं म्हटलं नव्हतं. मला गोड वाटलं होतं.

कार्तिकात भावोजी न्यायला आले. पडावाची होडी बोटीला लागेपर्यंत लवू रडत होता, माझ्याकडे बघून. तू मागे वळली नाहीस. तेव्हापासून गणपतीला भावोजींचं चार ओळींचं कार्ड, सर्वांस नमस्कार. त्या सर्वांत मी स्वतःला कधी धरलं, कधी नाही.

मला वाटायचं, मी घर वाचवलं. अजून वाटतं. रोग असता तर? पण दाराच्या आतल्या बाजूनं ते कसं दिसतं ते मला ठाऊक नव्हतं. इथून घरातली भांडी वाजलेली ऐकू येतात, कोण काय खातं ते कळतं, कोण हसलं ते कळतं. आपण नसताना सगळं नीट चाललंय हे कळतं.

आता पाकीट ठेवायचं तर ठेव. मला राग धरायला तोंड नाही. पण राहीनं तुझं काय केलंय? ती तुला चिमाकाकी म्हणून पदर धरून फिरायची.

येसू


श्रावण वद्य तृतीया

चिमा,

पाकीट पोचलं. चिकटवलेलं होतं तसंच. आत तुझी ओळ, "उघडलेलं नाही. तुमचं तुम्ही वाचा." एवढी एकच. पुरे आहे.

तरीच्या होडीनं खाडी ओलांडून बंदरावर गेले. डॉक्टरांनी वाचलंन. म्हणाले, काळजीचं काही नाही. थुंकीही तीन दिवस भिंगाखाली बघितलीन, तीत काही नाही. मग ते रक्त कुठलं? म्हणाले, घशातलं, हिरडीतलं, कुठलंही असेल. मी म्हटलं, एवढ्यासाठी मी पाच महिने मेले? हसले.

घरात आले. राही रुसली आहे, पण माझ्या हातचं जेवते. चिंचोके फेकून दिले. तुझे उपकार आहेत. लवूला आशीर्वाद.

येसूबाई


भाद्रपद शुद्ध दशमी

चिमा,

मागच्या पत्रात सगळं लिहिलं नाही. गणपती आले, गौरी जेवली, राही मोकळी झाली, मुलगी झाली, आणि तरी मी एका जागी बसू शकत नाही. आता तर मला काही झालेलं नाही. मग हे काय होतंय? म्हणून लिहिते. तुला न सांगता चाललं असतं. कागद इंग्रजीत, वाचला एका डॉक्टरांनी, ऐकला मी एकटीनं. कुणाला कधी कळलं नसतं.

डॉक्टरांनी वाचलंन ते असं. डाव्या अंगाला, वरती, एक डाग आहे. मी खुर्चीतून उठलेच. म्हणाले, बसा बाई, जुना आहे. भरून आलाय, चुन्यासारखा घट्ट झालाय. आठ-दहा वर्षांमागे तुम्हाला क्षय होऊन गेला आणि अंगानं तो आपोआप जिरवलान, असं होतं कधी कधी. मग विचारलंन, "त्या सुमारास पुष्कळ दिवस खोकला? संध्याकाळी कणकण?" मी म्हटलं, छे. मला काही झालेलं नाही. मी आजारी पडणाऱ्यातली नाही.

तरीत बसले. तरवाला लवकर सोडीना, एका बोकडाची वाट बघत होता. मी त्याला म्हटलं, सोड रे, बोकड पुढच्या खेपेला येईल. आणि एकदम आठवलं.

तू लग्न होऊन आलीस ते वर्ष. लवू पोटात राहिलेला. त्या सगळ्या पावसात मी खोकत होते. भात उकडायच्या चुलीपुढं बसायची मी, म्हणून सगळ्यांना सांगितलं, धूर लागलाय. संध्याकाळी अंग तापायचं तर म्हणायचे, काम करणाऱ्याचं अंग गरमच असतं. तू माझ्या पाठीला तेल चोळायचीस. माझ्या ताटात उरलेलं तू जेवायचीस, नवी सून म्हणून. मी तुला तसं वाढायचे. पुढल्या श्रावणात तू खोकलीस.

माझ्याकडून तुला गेला, चिमा. डॉक्टरांना विचारायला दुसऱ्या दिवशी परत गेले. ते म्हणाले, शपथेवर कोण सांगणार, पण तसंच असावं. मला कुणी मांगरात घातलं नाही. कारण घालणारी मीच होते.

एवढंच असतं तर मी कदाचित गिळलं असतं. पुढचं गिळता येत नाही. तुझ्यापासून रोग लागेल म्हणून पोर काढून घेतलं आणि रोज कुठं निजवलं? माझ्या छातीवर. ह्याच डागावर. श्रावण ते दिवाळी. तो माझ्या खोकल्यानं दचकायचा तर मी त्याला थोपटायचे.

डॉक्टरांना लवूचं सांगितलं, नाव न घेता. म्हणाले, काही व्हायचं असतं तर बहुतेक आतापर्यंत दिसलं असतं, मुलगा धावतो-खेळतो तर भिऊ नका. पण एकदा तपासून घ्या, फोटो काढून घ्या. तेव्हा त्याला ने. उद्याच ने, परवावर टाकू नको. भावोजींना सांग. माझं काय सांगायचं ते सगळं सांग, मी झाकून ठेव म्हणणार नाही. मी ह्यांनाही सांगितलंय. हे म्हणाले, "तेव्हा चिमा निघाली त्या दिवशी मी धक्क्यावर आलो नाही. यायला हवं होतं."

तू आता मोजत बसशील. त्याचा खोकला, त्याचा घास, त्याची मनगटं. मी दोन महिने ते केलं आणि आता तुझ्या माथी मारते. ह्याला काय म्हणायचं मला कळत नाही. माफ कर असं लिहायला घेतलं होतं, खोडलं. तुझ्याकडून आणखी काही मागायचं नाही.

राहीच्या मुलीला घेतली का, विचारशील. नाही घेतली असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. पण घेतली. डॉक्टरांनी घ्या म्हटलंन. ती रडायला लागली, मी नेहमीसारखी थोपटायला गेले, आणि राहीनं अंथरुणातून हात पुढे केलान. एकदाच केलान. मी लगेच दिली. आईकडे गेल्यावर गप्प झाली पोर.

लवूचं कळव. चांगलं निघालं तर एक ओळ पुरे, तुझ्या त्या ओळीएवढी. वाईट निघालं तर बोटी सुरू झाल्यात, मी येते. घरात घेऊ नको. जिन्याखाली बसेन, पाणी भरेन, दवाखान्यात त्याच्याबरोबर रांगेत उभी राहीन. तू हाकलून दिलंस तरी उद्या परत येईन. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

आज सकाळी बाबल्या दिसला तर मी पुन्हा वाटेत. तो थांबला. म्हणाला, "आता कसलं पाकीट, वैनी? तुमचं तर आलं ना?"

म्हटलं, माझं नाही रे. चिमाच्या लवूचं.

येसू